अक्षत आणि अक्षर

लग्नाची, मुंजीची, वास्तुशांतीची पत्रिका घरच्या घरी, संगणकावर किंवा हातातल्या फोनवर तयार करण्याची सोय झाल्यापासून आमच्या गिरगावात एक तक्रार वरचेवर कानी येते. छापखाने गेले, पत्रिकेची शान गेली, आता कोणीही उठतो आणि पत्रिका करतो, अशी ती तक्रार. तक्रार करणाऱ्यांच्याच वयाचा मी आहे. तरीही ती मला पटत नाही. कारण कोणीतरी उठला आणि त्याने घरच्या घरी छापून पाहिले, येथूनच तर मुंबईतल्या मराठी मुद्रणाची खरी कथा सुरू होते. ती कथा आठवली म्हणजे आजच्या या नव्या खटाटोपात नवे काय आणि जुने काय हे नीट उमगते. आणि काळजी कशाची करायची व कशाची नाही, हेही कळते.

छापील पत्रिका येण्यापूर्वी निमंत्रण अक्षतीने होत असे. कुंकवात माखलेले तांदूळ घेऊन घरची माणसे दारोदार जात आणि उंबऱ्याशी अक्षत ठेवून तोंडी बोलावणे करीत. पहिली अक्षत गणपतीला, मग कुलदैवताला, मग आप्तेष्टांना. ही रीत अजून मोडलेली नाही. छापील पत्रिकेलासुद्धा चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावून पहिली प्रत देवापुढे ठेवणारी घरे आजही आहेत. अक्षतीसाठी तांदूळ निवडताना एक कटाक्ष असे. दाणा तुटका चालत नसे. अक्षत म्हणजे क्षत न झालेले, न मोडलेले. अक्षर म्हणजे न झरणारे, न झिजणारे. हे दोन शब्द अर्थाने सख्खे शेजारी आहेत, आणि पुढे निमंत्रणाचे काम पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेले.

ते का गेले, याची कारणे या शहराच्या वाढीत सापडतात. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली. १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी राहिली आणि दोनच वर्षांत ती ताडदेवला चालू झाली. पुढल्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा हा सारा मुलूख गिरण्यांच्या भोंग्यावर उठू-बसू लागला. कोकणातून आणि घाटावरून माणूस मुंबईत आला. त्याचे निम्मे नातेगोते गावी आणि निम्मे चाळीत. लालबागच्या खोलीतून निघालेली अक्षत संगमेश्वरला किंवा पाटणला कशी पोहोचणार? कागद मात्र पोहोचत होता. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. छापील मजकूर उघड्या पाकिटातून कमी दरात पाठविण्याची सोयही टपालखात्याने केली. ज्या माणसाच्या दारी जाता येत नाही, त्याच्या दारी अक्षराने जावे, एवढाच छापील पत्रिकेचा मूळ अर्थ आहे. ती हौसेतून जन्मली नाही, अंतरातून जन्मली, असे मला वाटते.

पण ही अक्षरे आली कोठून? १८१७ पासून अमेरिकन मिशनने मुंबईत मराठी छपाई चालविली होती. तेथे काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी या गृहस्थांच्या मनाने घेतले की, आपल्या लोकांची पुस्तके आपणच छापावीत. शिळाछाप त्यांनी पाहिला होता. विकत घेण्याची ऐपत नव्हती. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या आपल्या ग्रंथात या माणसाची हकिगत आस्थेने नोंदविली आहे. गणपत कृष्णाजींनी लाकडाचे यंत्र स्वतः केले, दगडाच्या तुकड्यांवर प्रयोग केले, शाईसुद्धा स्वतः बनविली. १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापून काढले. छापील पोथी सोवळ्यात चालेना, कारण शाईत चरबी असते असा लोकांचा संशय. तेव्हा त्यांनी धर्मग्रंथांसाठी तूप घालून शाई केली, असे सांगतात. पुढे त्यांनी स्वतःचे खिळेही पाडले. घरी बसून, परकीय साधन पाहून, ते आपल्या भाषेला वाकविण्याची ही खटपट होती. आज संगणकापुढे बसून आपल्या मुलीच्या बारशाची पत्रिका जुळविणारा तरुण त्याच वाटेवरचा आहे. फरक इतकाच, की गणपत कृष्णाजींनी दगड आणि शाई दोन्ही केली, आणि याला दोन्ही आयती मिळतात.

शिळाछापाचा एक मोठा गुण होता. लेखनिकाने कागदावर जसे लिहिले तसे दगडावरून उमटे; जोडाक्षर कितीही अवघड असो, हात लिहील ते छापले जाई. खिळ्यांचे तसे नाही. ज्या आकाराचा खिळा पाडलेला नाही, तो आकार छापताच येत नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरे मिळून देवनागरीचे खिळे शेकड्यांनी लागतात. मिशनच्या छापखान्यातल्या टॉमस ग्रॅहमने सुबक मराठी खिळ्यांचा पाया घातला, आणि त्याच छापखान्यात वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास दरमहा दोन रुपयांवर खिळे घासायला राहिलेल्या एका मुलाने त्यावर इमारत चढविली. तो मुलगा म्हणजे जावजी दादाजी. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतून निघालेली निर्णयसागराची संस्कृत पुस्तके देशोदेशीच्या पंडितांनी वाखाणली. पण त्या वळणदार अक्षरांचे साचे कोरणारा हात राणोजी रावजी आरू यांचा होता, हे आज किती जणांना ठाऊक आहे? जावजींचे नाव निदान पंचांगाबरोबर घरोघर गेले. आरूंचे अक्षर गेले, नाव मागे राहिले. मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शुभकार्याची निमंत्रणे अशा कारागिरांच्या अक्षरांत पाठविली. पत्रिका आपली, अक्षर उसने. ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे.

गिरगाव, ठाकुरद्वार, दादर येथल्या गल्ल्यांतून पुढे लहान लहान छापखाने झाले. तळमजल्यावरची एक खोली, पायाने चालवायचे ट्रेडल यंत्र, भिंतीशी खिळ्यांच्या केसा आणि त्यांपुढे उभा जुळारी. १८९३ साली गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. मग मंडळागणिक कार्यक्रमपत्रिका आणि पावतीपुस्तके यांची भर या छापखान्यांच्या कामात पडली. तरुणपणी मी अशा एका छापखान्यात पुष्कळ वेळ घालविला आहे. तेथे मला पहिली गोष्ट कळली ती अशी की, लग्नपत्रिकेचा मजकूर मुळी नव्याने जुळवीतच नसत. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पासून ‘सहकुटुंब सहपरिवार येऊन शुभकार्यास शोभा आणावी’ पर्यंतचा मजकूर बांधून ठेवलेला असे. नावे, तिथी, मुहूर्त आणि स्थळ एवढेच बदलायचे. पुढे कांदेवाडीत, म्हणजे आजच्या खाडिलकर रोडवर, तयार पत्रिकांची दुकाने थाटली. वर गणपती, आत कोरी जागा, गिऱ्हाईकाने अल्बम चाळून नमुना निवडायचा. तेव्हा आज संगणकावर तयार नमुन्यात नावे भरतात म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. नमुना होताच. तो दुकानदाराच्या अल्बमात होता, आता तो पडद्यावर आहे.

दुसरी गोष्ट मात्र अधिक महत्त्वाची. लोक कागदावर ‘आशिर्वाद’ लिहून आणीत. जुळारी न विचारता ‘आशीर्वाद’ जुळवी. कोणी ‘सौ. कां.’ ऐवजी नवरीमुलीला नुसतेच ‘सौ.’ लिही, जुळारी चष्म्यावरून पाहून विचारी, “लग्न व्हायचंय ना अजून?” वार आणि तारीख जुळत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बोट दाखवी. शाळा फारशी न शिकलेला हा माणूस हजारो पत्रिका उलट्या अक्षरांत वाचून शुद्धलेखनात मुरलेला असे. आपण जुळणावळ देत होतो. हे वाचणे मात्र तो त्यावर फुकट घालीत होता. घरच्या पत्रिकेतून काही वजा झाले असेल तर ते हे. ट्रेडल गेले याचे मला फारसे वाईट वाटत नाही. शिशाच्या धुळीत आणि अंधुक उजेडात माणसांचे डोळे गेलेले मी पाहिले आहेत. आपल्याआधी आपला मजकूर वाचणारा पहिला वाचक गेला, हे खरे नुकसान.

ट्रेडलनंतर संगणकावरची जुळणी आली. आरंभी प्रत्येक फाँटची लिपीव्यवस्था निराळी असे. एका यंत्रावर ‘शुभविवाह’ दिसे, तेच दुसऱ्यावर नेले की अगम्य चिन्हांची रांग उमटे. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःची स्थाने मिळाली आणि पुढे हा घोळ हळूहळू मिटू लागला. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आखलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोज २००० बरोबर देशभर पोहोचला. अलीकडे मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी ‘मुक्त’ आणि ‘बलू’ ही अक्षरकुळे सर्वांना विनामूल्य खुली केली. २०१३ साली ऑस्ट्रेलियात निघालेल्या कॅनव्हासारख्या साधनांवर आज कोणीही चित्र, चौकट आणि अक्षर एकत्र मांडून पत्रिका करतो. उरल्यासुरल्या कागदावर आहेराच्या पुडक्यांना बांधायच्या चिठ्ठ्या छापून कात्रीने कापतो. हे शिळाछापाकडे परतणेच होय, कारण चित्र आणि अक्षर पुन्हा एकाच पाटीवर आले. मात्र अक्षर हाताचे नाही, पेटीतले आहे. ज्याने पेटी भरली त्याचे वळण त्यात आहे.

येथेच आपली खरी कसोटी लागते. मराठी ‘ल’ दोन पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा. हिंदीचे वळण निराळे, ‘ल’ला उभा दंड, ‘श’ला गाठ. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांचे स्थान एकच. पडद्यावर कोणते उमटेल हे फाँट आखणारा ठरवितो. २०२२ साली महाराष्ट्र शासनाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांना मान्यता देणारा निर्णय काढला. पण परदेशातल्या साधनाला तो निर्णय कोण वाचून दाखविणार? आणि गंमत पाहा, ‘लग्न’ आणि ‘शुभविवाह’ हे शब्द नेमके याच दोन अक्षरांनी सुरू होतात. तिसरी अडचण ‘ऱ्य’ची. ‘येणाऱ्या’मधला हा आडवा रकार हिंदीला लागत नाही, तो ‘ऱ’ वापरून लिहावा लागतो. नाही तर ‘येणार्या’ उमटते, आणि लग्नघरच्या यादीत आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांच्या नावे पडतात. याहून वाईट म्हणजे, साधनाला देवनागरीची रीत ठाऊक नसेल तर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली उमटतात. जावजींच्या केसीत नसलेला खिळा जुळारी मागून आणीत असे. पडद्यावर फुटलेले अक्षर मात्र पुष्कळांना दिसतसुद्धा नाही.

हिंदी वळण हीन आहे असे माझे म्हणणे नाही. ते त्यांच्या घरी सुंदरच आहे. पण आपल्या घरच्या कार्याचे बोलावणे आपल्या वळणात जावे, ही अपेक्षा काही फार नव्हे. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली ती तरी कशासाठी? यंत्र परके असले तरी पोथी आपली वाटली पाहिजे, एवढ्यासाठी. ज्याला घरी पत्रिका करायची आहे त्याने जरूर करावी. मराठी हातांनी आखलेले अक्षर निवडावे, साधन जोडाक्षर नीट जोडते की नाही हे ‘श्री’, ‘लग्न’, ‘आशीर्वाद’, ‘येणाऱ्या’ एवढे चार शब्द उमटवून पाहावे. मग तो मजकूर घरातल्या कोणा वडीलधाऱ्याच्या हाती देऊन मोठ्याने वाचून घ्यावा. जुळाऱ्याची जागा यंत्र घेणार नाही, ती घरातल्याच कोणीतरी घ्यायला हवी.

अक्षतीचे तांदूळ निवडायला घरच्या बायका सूप घेऊन बसत. दाणा दाणा बोटाने सारून तुटका तेवढा बाजूला काढीत. त्याला यंत्र लागत नसे आणि फार विद्याही लागत नसे. लागे ती नजर, आणि ज्याच्या दारी जायचे त्याच्याविषयीचा मान. पत्रिका कोठे छापली, हे पाहुणा विचारणार नाही. त्याच्या हाती पडलेले अक्षर अक्षत आहे की नाही, एवढे मात्र त्याला दिसेल.