तंजावरचे गायन, तंजावरचे भोजन व आपला वारसा

महाराष्ट्राबाहेरील मराठी राज्यांची नावे घेताना इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, धार, देवास ही नावे आपल्या ओठांवर सहज येतात. तंजावरचे नाव बहुधा शेवटी येते, आणि ते आले तरी ‘शिवछत्रपतींच्या सावत्र बंधूंचे राज्य’ एवढ्यावरच आपले ज्ञान संपते. वास्तविक पाहता कावेरीकाठच्या या नगरात भोसले घराण्याने सुमारे एकशे ऐंशी वर्षे राज्य केले. त्या राज्याची तलवार लवकरच बोथट झाली. परंतु त्याच्या छायेत जे गायन, नर्तन, नाट्य व ग्रंथसंपदा वाढली, ती सर्व दक्षिणेस आजही पुरत आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब तंजावरास जाऊन आलो. तेथे जे पाहिले, ऐकले व चाखले, त्याचा आमच्या अल्पमतीप्रमाणे घेतलेला हा ऐतिहासिक परामर्श ज्ञातिबांधवांच्या व भगिनींच्या सेवेस सादर करीत आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तंजावरचे संगीत मराठ्यांनी तेथे नेले, असे कोणी अभिमानाच्या भरात म्हणेल तर ते खरे नव्हे. राजराज चोळ याने बांधविलेले बृहदीश्वराचे मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले. त्या मंदिराच्या भिंतीवरील शिलालेखात देवापुढे नृत्यसेवा करणाऱ्या चारशे स्त्रिया आणून वसविल्याची नोंद आहे. प्रत्येकीचे नाव, तिचे घर कोणत्या आळीत होते आणि तिला वर्षास शंभर कलम भात मिळावे, हा सारा तपशील दगडावर कोरलेला आहे. कलम हे तिकडचे धान्याचे माप. चोळांनंतर सोळाव्या-सतराव्या शतकांत नायक राजांचा अंमल आला. रघुनाथ नायक हा स्वतः वीणावादक व ग्रंथकार होता. चोवीस पक्क्या पडद्यांची, चार मुख्य व तीन तालाच्या तारांची जी वीणा आज ‘तंजावर वीणा’ म्हणून ओळखली जाते, तिची घडण त्याच्या काळी ठरली असे मानतात. फणसाच्या लाकडाची ही वीणा करणारे कारागीर तंजावरात अद्याप आहेत. २०१३ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले.

त्याच दरबारातील गोविंद दीक्षितांचे पुत्र व्यंकटमखी यांनी ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या ग्रंथात बहात्तर मेलांची पद्धत मांडली. आपल्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९०४ साली दक्षिणेचा प्रवास केला तो अशाच ग्रंथांच्या शोधात. व्यंकटमखींच्या मेलपद्धतीवर त्यांनी बारकाईने विचार केला आणि पुढे हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत व्यवस्था लावली. अर्थात् आपल्या घरची मुले संगीताच्या वर्गात जे थाट पाठ करतात, त्यांचाही एक धागा तंजावरापर्यंत पोहोचतो.

आता मराठी राजवटीकडे वळू. १६७३ साली मदुरेच्या नायकाने तंजावर जिंकले. तेथील नायक घराण्याच्या वारसास गादी परत मिळवून देण्यासाठी विजापूरकरांनी शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांना पाठविले, आणि १६७५-७६ च्या सुमारास एकोजीराजे स्वतःच त्या गादीवर बसले. १६७७ मध्ये दक्षिणदिग्विजयाच्या वेळी शिवछत्रपतींची व त्यांची भेट झाली. वडिलार्जित वाट्यावरून उभय बंधूंत वितुष्ट आले, तो इतिहास प्रसिद्धच असल्याने येथे विस्तार करीत नाही.

आमच्या मते खरा विचार करण्याजोगा भाग त्यापुढचा आहे. परमुलखात राज्य मिळालेल्या राजापुढे दोन मार्ग असतात: आपली भाषा व चाल प्रजेवर लादणे, किंवा प्रजेची भाषा आपलीशी करणे. भोसल्यांनी दुसरा मार्ग धरला, आणि तोही मराठी न सोडता. एकोजींचे पुत्र शहाजीराजे (राज्यकाळ १६८४ ते १७१२) यांनी तेलुगू भाषेत ‘पल्लकी सेवा प्रबंध’ हे गेय नाटक रचले. ‘पंचभाषाविलास’ या त्यांच्या नाटकात तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी अशा पाच भाषा एकत्र नांदतात. त्यांचेच ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक १६९० च्या सुमाराचे मानले जाते. सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते १८४३ साली. म्हणजे मराठी नाटकाचा पाळणा त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे कावेरीकाठी हलत होता, ही गोष्ट प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने ध्यानी ठेवावी अशी आहे. शहाजींचे बंधू तुकोजी ऊर्फ तुळजाराजे (१७२८ ते १७३६) यांनी ‘संगीतसारामृत’ हा शास्त्रग्रंथ संस्कृतात लिहिला. दक्षिणेतील अभ्यासक तो आजही प्रमाण मानतात.

या घराण्यातील सर्वांत थोर पुरुष म्हणजे दुसरे सरफोजीराजे (१७९८ ते १८३२). गादीवर आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १७९९ च्या तहाने, मुलखाचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला. राजांपाशी राहिला तो किल्ला आणि तनखा. अशा स्थितीत दुसरा एखादा राजा ऐषआरामात बुडाला असता. सरफोजींनी ग्रंथ जमविले. नायककाळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्यांनी एवढा वाढविला की ‘सरस्वती महाल’ हे नाव सर्व विद्वज्जगतात दुमदुमू लागले. त्यांच्या आश्रयास चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू हे चौघे बंधू होते. आज भरतनाट्याचा प्रयोग अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत ज्या क्रमाने होतो, तो क्रम या बंधूंनी लावून दिला. सरफोजींनी स्वतः नृत्यासाठी मराठी पदे रचली, आणि ‘देवेंद्र कोरवंजी’ या मराठी नाट्यकृतीत पृथ्वीचा भूगोल गाण्यांतून सांगितला. आम्ही आयुष्यभर मुलांना भूगोल शिकविला. नकाशापुढे उभे राहून नद्यांची नावे घोकून घेतली. तोच विषय एका राजाने नृत्याच्या तालावर बसविला होता, हे वाचून आम्हांस मोठे कौतुक वाटले. पाश्चात्त्य वाद्यांचेही त्यांना वावडे नव्हते. त्यांच्या पदरी बँड होता आणि इंग्रजी पद्धतीचे स्वरलेखनही चाले.

कर्नाटक संगीतातील त्रिमूर्ती श्यामा शास्त्री (१७६२ ते १८२७), त्यागराज (१७६७ ते १८४७) व मुत्तुस्वामी दीक्षित (मृत्यू १८३५) हे तिघेही तंजावर राज्यातील तिरुवारूर येथे जन्मले व मराठी राजवटीतच वाढले. श्यामा शास्त्री तंजावरातील बंगारू कामाक्षीच्या मंदिराचे पुजारी होते. त्यागराज तंजावरापासून दहा-बारा किलोमीटरांवरील तिरुवैयारू येथे राहत. सरफोजीराजांनी त्यांस दरबारी बोलाविले असता द्रव्यापेक्षा रामसेवा श्रेष्ठ मानून त्यांनी नकार दिला, अशी परंपरागत कथा आहे. कथेचा खरेखोटेपणा कसाही असो. राजाला नकार देणारा गवई त्याच राज्यात निर्भयपणे नांदला, यात राजाचीही शोभा आहे असे आम्हांस वाटते. तेथील समाधीमंदिर बंगळूर नागरत्नम्मा या थोर गायिकेने १९२० नंतरच्या काळात स्वतःची मिळकत खर्चून उभारले. आराधनेत स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती, ती मिळावी म्हणून त्या झगडल्या, आणि १९४० च्या सुमारास भांडणारे पक्ष एकत्र आले. पौष वद्य पंचमीस होणाऱ्या त्या आराधनेत आज शेकडो स्त्रीपुरुष गायक एका कंठाने पंचरत्न कृती गातात. शक्य असल्यास यात्रा त्याच सुमारास योजावी.

मग मराठी माणसाने तंजावरच्या गायनास स्वतःचे असे काय दिले? याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर कीर्तन. समर्थ रामदासांच्या शिष्यपरंपरेने तंजावरात मठ स्थापिले. एकोणिसाव्या शतकात मेरुस्वामी व पुढे रामचंद्रबुवा मोरगावकर यांच्या कीर्तनांनी तो प्रांत भारून गेला. तंजावर कृष्ण भागवतर यांनी ही मराठी धाटणी उचलून तीत कर्नाटक संगीत ओतले, आणि तमिळ ‘हरिकथा’ जन्मास आली. साकी, दिंडी, ओवी ही आपली वृत्ते आणि हातातील चिपळ्या त्या हरिकथेत आहेत. दक्षिणेच्या भजनसंप्रदायात मराठी संतांचे अभंगही गायिले जातात. अर्थ न समजताही ते अभंग तन्मयतेने म्हणणारे तमिळ वृद्ध आम्ही पाहिले, तेव्हा आमचे डोळे ओलावल्यावाचून राहिले नाहीत.

आता भोजनाचा विषय. तंजावरास जाणाऱ्या प्रत्येक मराठी प्रवाशास एक कथा हटकून ऐकावयास मिळते. शहाजीराजांच्या घरी संभाजीमहाराज पाहुणे आले. आमटीसाठी आमसुले संपली होती, म्हणून चिंच घातली. तो पदार्थ महाराजांस आवडला आणि त्यांच्या नावावरून त्यास ‘सांबार’ म्हणू लागले! कथा गोड आहे, पण इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. शहाजीराजे गादीवर आले १६८४ मध्ये आणि संभाजीमहाराजांचा वध झाला १६८९ मध्ये. मधली सर्व वर्षे महाराज मोगलांशी झुंजत होते. अशा पाहुणचाराचा एकही समकालीन कागद पुढे आलेला नाही. ‘संभार’ या संस्कृत शब्दाचा अर्थ सामग्री, जमवाजमव. मुंबईच्या पाठारे प्रभू घरांतील मसाला ‘संभार’ म्हणूनच प्रसिद्ध आहे, तर वऱ्हाडात कोथिंबिरीस ‘सांभार’ म्हणतात. मसाल्याच्या अर्थाने हा शब्द असा सर्वत्र पसरलेला असता, तो एका मेजवानीतून निघाला असे मानण्याचे कारण दिसत नाही. धर्मवीर संभाजीमहाराजांचे नाव त्यांच्या बलिदानाने अजरामर आहे. त्यास सांबाराच्या टेकूची गरज नाही.

खरा पुरावा हवा असेल तर तो ग्रंथांत आहे. एकोजींच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ पंडितांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. धान्ये, भाज्या, पक्वान्ने व त्यांचे गुणदोष यांचा तो कोशच होय. सरफोजींच्या मुदपाकखान्यातील पाककृती ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने जपल्या गेल्या आहेत. आणि ग्रंथांहून बोलका पुरावा म्हणजे तेथील मराठी घरांचे पान. तंजावरकर मराठी कुटुंबांत ‘डांगर पचडी’ करतात. उडदाचे पीठ दह्यात कालवून फोडणी दिलेले आपले डांगरच ते; फक्त शेवटी ‘पचडी’ हा तमिळ शब्द जोडलेला. आंबट वरण आहे; पुरणाची पोळी तर सर्व तमिळ मुलखात ‘पोळी’ याच नावाने खातात. उलट तिरुवैयारूचा ‘अशोका’ हा मुगाच्या डाळीचा, कणकेचा व साजूक तुपाचा मऊ हलवा, केळीच्या पानावरचा भात आणि पितळी डबऱ्यातील फेसाळ कॉफी ही त्या भूमीची देणगी. आम्ही दोन्ही आनंदाने सेविली. कोणाचे काय, हा हिशेब पानावर बसल्यावर सुचतच नाही, आणि तंजावरचे मर्म हेच आहे.

१८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून निवर्तले व इंग्रजांनी राज्य खालसा केले. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. परंतु १८५९ मध्ये विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल कंपनीच्या बाजूस दिला. आश्रय तुटल्याने गवई, वादक व नर्तक मद्रास, म्हैसूर, त्रावणकोर येथे पांगले. ग्रंथालय मात्र वाचले आणि १९१८ पासून ते सर्वांस खुले आहे. तेथे मराठी हस्तलिखिते तीन हजारांहून अधिक आहेत, आणि मोडी कागदांची दफ्तरे वेगळीच.

येथेच आमच्या मनास एक टोचणी लागली. बृहदीश्वराच्या प्राकारात सरफोजींनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख आहे. तो देवनागरीत असल्यामुळे आम्ही तो बोटाने अक्षरे लावीत थोडाबहुत वाचला. मोडीच्या एका पानापुढे मात्र आम्ही निरक्षरासारखे उभे राहिलो. आमच्या आजोबांचा सारा हिशेब मोडीत असे. आमच्या पिढीस ती शाळेत शिकविली गेली नाही. भाषा आपली, शब्द आपले, आणि वाचावयास दुसऱ्याचे तोंड पाहावयाचे! त्या दफ्तरांत कोणत्या गायकास काय बिदागी मिळाली, मुदपाकखान्यात किती तूप आले, कोणत्या कीर्तनकारास कोणता मान दिला, हे सर्व बारीक तपशिलाने नोंदलेले आहे. वाचणारे हात मात्र थोडे आहेत, आणि कागद कोणासाठी थांबत नसतो. तंजावरच्या मराठी कुटुंबांची घरगुती बोलीही पिढीगणिक क्षीण होत आहे. एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस त्या जुन्या गोड मराठीत घरी जेवावयास बोलाविले. त्यांची नातवंडे आमच्याशी इंग्रजीत बोलली. त्यात त्या मुलांचा दोष नाही. त्यांच्याशी मराठी बोलण्यास आपल्यापैकी किती जण तिकडे जातात?

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस नम्र विनंती दोन प्रकारची आहे. पहिली अशी की, दक्षिणेच्या यात्रेत रामेश्वर-मदुरेच्या वाटेवर तंजावरास दोन दिवस तरी काढावे. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघाल्यास सकाळी तेथे पोहोचता येते. मंदिर, राजवाडा, त्यातील संगीत महाल, सरस्वती महाल व तिरुवैयारू ही स्थळे मुलांना समजावून दाखवावीत, आणि तेथे एखादे मराठी घर भेटल्यास आवर्जून मराठीत बोलावे. दुसरी विनंती आपल्या कार्यकारी मंडळास. गुणवंत विद्यार्थ्यांच्या पारितोषिकांत एक पारितोषिक मोडी शिकणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी राखून ठेवावे. सांबाराची कथा सांगण्यास विद्या लागत नाही. दफ्तर वाचण्यास लागते. आपल्यातील एका जरी तरुणाने सरस्वती महालातील एक रुमाल सोडून वाचला, तरी सरफोजीराजांच्या ऋणातून आपण अंशतः मुक्त झालो असे म्हणता येईल.

श्रीबृहदीश्वर सर्वांस सुबुद्धी व आरोग्य देवो, ही प्रार्थना करून लेखणी आवरती घेतो.