डब्याच्या दारावरचा आकडा : लघुरेल्वेच्या छंदाचा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर बखरी, पत्रव्यवहार, ताम्रपट आणि दफ्तरे येतात. एखाद्या प्रौढ माणसाने मुलांच्या खेळण्यातली आगगाडी विकत आणावी, तिच्या प्रवासी डब्याचे छप्पर उचकटावे, खिडक्यांच्या काचा बदलाव्यात, आत बाके बसवावीत आणि दारांना केसाएवढ्या तारेच्या मुठी लावाव्यात, हा उद्योग इतिहासलेखनात मोडतो असे सहसा कोणी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये मात्र विसाव्या शतकात या छंदाने जे वळण घेतले ते पाहता त्याचे नाते खेळापेक्षा पाठचिकित्सेशी अधिक जवळचे आहे. साहित्याच्या अभ्यासकाला या छंदाबद्दल कुतूहल वाटावे ते याच कारणासाठी.

आरंभी अर्थातच हे खेळणे होते. जर्मनीतील ग्योपिंगन येथील मेर्क्लिन ही कंपनी मूळची बाहुलीघरातील वस्तू बनवणारी. तिने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत रुळांच्या ठरावीक मापांच्या आगगाड्या मांडल्या. मापे ठरल्यामुळे आज इंजिन, पुढच्या वर्षी दोन डबे, त्यानंतर स्थानक अशी भर घालत राहण्याची सोय झाली. नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनानंतर न्युरेंबर्गच्या कारखान्यांकडून खास ब्रिटिश कंपन्यांच्या रंगांतील गाड्या करून घ्यायला सुरुवात केली. ‘कोणतीही एक आगगाडी’ ही कल्पना मागे पडून ‘अमुक कंपनीची आगगाडी’ पुढे आली, ती येथे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० मध्ये चावीवर चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या आणि मध्यमवर्गीय घरांत आगगाडी ही वाढदिवसाची भेट होऊन बसली.

१९३८ मध्ये हॉर्नबी-डब्लो ही लहान आकाराची मालिका निघाली. या आकाराच्या पोटात एक तडजोड दडलेली आहे. ब्रिटिश इंजिने युरोपीय इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. युरोपात रूढ होत असलेल्या १:८७ या प्रमाणात ती केली तर त्या काळच्या मोटारी त्यांच्यात मावेनात. म्हणून रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे ठेवले आणि वरची गाडी मात्र एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:७६ या प्रमाणात मोठी केली. या हिशेबाने रुळांमधले अंतर १८.८३ मिलिमीटर हवे होते. ४ फूट साडेआठ इंचांचा खरा मार्ग खेळण्यात ४ फूट दीड इंचाचा झाला. पुढे काही छांदिष्टांना हे सात इंच सहन होईनात. त्यांनी १८.८३ मिलिमीटरचा मार्ग स्वतः घालायला सुरुवात केली आणि प्रत्येक इंजिनाची व डब्याची चाके त्यासाठी बदलली. बाजारात मिळणारी तयार वस्तू म्हणजे अपपाठ, आणि तो शुद्ध करणे आपले काम, ही वृत्ती या छंदात रुजली ती अशी.

या शुद्धीकरणात प्रवासी डबा विशेष महत्त्वाचा ठरला. ग्राहक भुलतो तो इंजिनाला. त्यामुळे कारखानदार आपले कौशल्य इंजिनावर खर्च करीत आणि डब्याच्या वाट्याला उरलेसुरले येई. पत्र्याच्या डब्यावर खिडक्या, दारे, मुठी, सारे काही छापलेले असे. प्लॅस्टिक आल्यावर उठाव आला, पण लांबी मात्र अनेकदा तोकडीच राहिली. ब्रिटिश रेल्वेने १९५१ पासून वापरात आणलेल्या प्रमाणित डब्याचा सांगाडा साडेत्रेसष्ट फुटांचा होता. या प्रमाणात तो २५४ मिलिमीटर भरतो. एवढा डबा घरातल्या वळणावर नीट वळत नाही. खेळण्यातले एक नेहमीचे वळण ४३८ मिलिमीटर त्रिज्येचे असते. प्रत्यक्षात त्याची त्रिज्या सुमारे ३३ मीटर होईल, आणि इतक्या तीव्र वळणावर कोणतीही जलद गाडी धावणार नाही. म्हणून डबे आखूड केले जात, दोन डब्यांत रुंद फट ठेवली जात असे. दिवाणखान्याच्या क्षेत्रफळाने इतिहासाची लांबी ठरवावी, असा हा प्रकार.

छांदिष्टाची दुरुस्ती इथे सुरू होते. दोन आखूड डबे कापून त्यांचा एक पूर्ण लांबीचा डबा जोडणे, भिंतींच्या जागी पातळ पितळी पत्र्याच्या कोरीव भिंती बसवणे, जाड प्लॅस्टिकच्या खिडक्या काढून भिंतीशी सपाट बसणाऱ्या काचा लावणे, प्लॅस्टिकच्या चाकांऐवजी धातूची चाके आणि त्यांच्या आसांसाठी पितळेच्या वाट्या घालणे, डबे जवळ आणून मधल्या फटीत काळ्या कागदाच्या घडीचा भाता लावणे. रोझबड ही बाहुल्या बनवणारी कंपनी. तिच्या किटमास्टर या शाखेने १९५९ ते १९६२ या अल्पकाळात सुट्या भागांतून जोडायचे पूर्ण लांबीचे डबे बाजारात आणले, आणि ते पुढे कितीतरी वर्षे या कामी येत राहिले. डब्यातल्या दिव्यांचा प्रश्न तर मोठा गमतीचा होता. जुन्या पद्धतीत रुळांतला विजेचा दाब कमीजास्त करून गाडीचा वेग राखला जाई. त्यामुळे गाडी स्थानकात थांबली की नेमके त्याच क्षणी डबे अंधारात बुडत. १९९० च्या दशकात संगणकीय आज्ञापद्धती रूढ झाली आणि रुळांत वीज कायम राहू लागली. तेव्हापासून फलाटाला लागलेल्या गाडीच्या खिडक्या उजळलेल्या राहू शकतात. चाकाचा रुळाशी संपर्क क्षणभर तुटला तरी दिवा लुकलुकू नये म्हणून छांदिष्ट आत छोटा धारित्र बसवतो.

एवढे सगळे झाल्यावर खरा प्रश्न समोर येतो : हा डबा कोणत्या दिवशीचा? ब्रिटनमधील बहुतेक कंपन्या १९२३ मध्ये चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या आणि १९४८ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९४९ पासून डबे किरमिजी आणि सायीच्या रंगाचे झाले, १९५६ पासून मरून, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापासून निळे-करडे. मरून रंगाचा डबा अमुक इंजिनामागे जोडला की एक विधान केले जाते, आणि ते चूक किंवा बरोबर असू शकते. दारावरचा आकडासुद्धा असाच बोलतो. अनेक जुन्या डब्यांवर १ आणि ३ हे वर्ग दिसतात, २ कुठेच दिसत नाही. कारण मिडलंड रेल्वेने १८७५ मध्ये दुसरा वर्ग रद्द केला आणि इतर कंपन्याही हळूहळू त्या वाटेने गेल्या. पुढे १९५६ मध्ये उरलेल्या तिसऱ्या वर्गाचेच नाव ‘दुसरा’ झाले. बाके तीच, माणसे तीच, फक्त आकडा बदलला. मिलिमीटरभर उंचीचा हा आकडा बदलताना छांदिष्टाला एका समाजाच्या वर्गभावनेचा इतिहास वाचावा लागतो.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपल्याला मिळालेली वेगळी प्रत छापली, हे आपण वर्गात शिकवतो. कोणता पाठ मूळचा, कोणता मागाहून आलेला, हा वाद तिथे आहे. छांदिष्टाचा वादही याच जातीचा, फक्त त्याची पोथी चाकांवर उभी असते.

या छंदाला गांभीर्य आले त्यामागे वियोग होता. १९६३ मध्ये बीचिंग यांच्या अहवालाने हजारो मैलांचे मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची इंजिने गेली. मूळ वस्तू नाहीशी होत असताना प्रतिकृतीची अचूकता वाढत गेली, हा योगायोग मानता येत नाही. त्याआधीच रॉय इंग्लंड या ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये आलेल्या तरुणाने ऑक्सफर्डशायरच्या परिसरातील खेड्यांतली जुनी गवती छपरांची घरे पालटताना पाहिली आणि त्यांची मापे टिपायला सुरुवात केली. त्यातूनच १९५४ मध्ये लाँग विटनहॅम येथे पेंडन संग्रहालय उभे राहिले. त्याच संग्रहालयात जॉन अहर्न यांचा मॅडर व्हॅली हा लघुमार्गही जतन केलेला आहे, आणि तो संपूर्ण काल्पनिक आहे. एकाने होते ते जसेच्या तसे नोंदवले, दुसऱ्याने कधीच नव्हते ते विश्वसनीय केले. दोघांनाही एका छपराखाली जागा मिळाली, हे कादंबरीच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

तरीही या अचूकतेविषयी एक शंका उरते. डब्याच्या मुठी मोजून बसवता येतात, पण त्या डब्यात बसलेल्यांचे काय? १८४४ च्या कायद्याने तिसऱ्या वर्गाच्या उतारूला ऊनपावसापासून आडोसा मिळवून दिला, म्हणजे त्याआधी अनेक ठिकाणी तो उघड्या डब्यातून प्रवास करीत होता. इंजिनात कोळसा घालणाऱ्याचे भाजलेले हात कोणत्याच प्रमाणात लहान करता येत नाहीत. छपरावर काजळी आणि चाकांवर ब्रेकची तांबूस धूळ रंगवण्याची कला या छंदात फार पुढे गेली आहे. पण रंगवलेली काजळी खोकला आणत नाही. स्मरणरंजनाचा आरोप या छंदावर होतो तो अगदीच निराधार नाही. त्यावर उत्तर एवढेच की, बारकाव्याचा ध्यास घेणारा माणूस निदान प्रश्नापर्यंत पोचतो. दारावर ३ का लिहिले होते, हे विचारल्याशिवाय त्याला तो आकडा रंगवता येत नाही.

आपल्याकडे पाहिले तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. मात्र भारतीय डब्याची अचूक प्रतिकृती करू पाहणाऱ्याला पहिली अडचण रुळांचीच येते. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा, १:७६ या प्रमाणात तो जवळजवळ २२ मिलिमीटर होतो. बाजारातले १६.५ मिलिमीटरचे रूळ त्याला फारच अरुंद पडतात. दारावरचा आकडा इथेही आहेच. गांधीजींनी १९१७ मध्ये ज्याच्या दुरवस्थेवर लिहिले तो तिसरा वर्ग भारतीय रेल्वेत १९७४ पर्यंत टिकला. त्या डब्यातली लाकडी बाके, खिडक्यांचे गज, दारांतली गर्दी यांची मापे घेणारे कोणी आपल्याकडे निघाले, तर आपल्या कथा-कादंबऱ्यांतील कितीतरी प्रवास नव्याने वाचता येतील.