सुनेचा अर्ज, जावयाचा अर्ज

समजा, मैंदर्गीतल्या मुलाशी लग्न करून परदेशी मुलगी नांदायला आली. नागरिकत्वाचा अर्ज करायला तिला इथे किती वर्षं राहावं लागेल? आजचं उत्तर सात. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या मूळ कलमात वास्तव्याची ही अटच नव्हती! पण तिथे शब्द होता ‘स्त्रिया’. परदेशी जावयाला लग्नाच्या नात्यानं अर्ज करताच येत नव्हता. १९८६ च्या दुरुस्तीत ‘व्यक्ती’ आल्या आणि त्यांच्यासोबत पाच वर्षांची अटही. आसाम आंदोलनानंतरचा काळ तो. मला तरी वाटतं, समानता आणि संशय एकाच दुरुस्तीतून आले. २००३ च्या दुरुस्तीनं पाचाची सात केली. नुसता आजचा कायदा वाचलात तर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून दुरुस्ती कायदेही काढून शेजारी ठेवा. सुनेचं मात्र ओसीआय कार्ड मिळेपर्यंत व्हिसाची मुदतवाढ आणि परदेशी म्हणून नोंदणी चालूच.