मायनॉरिटी फ्रंट

दक्षिण आफ्रिकेतील एक छोटा राजकीय पक्ष. स्थापना १९९३. संस्थापक अमिचंद राजबन्सी (१९४२–२०११). क्वाझुलु-नाताळ प्रांतातील भारतीय वंशाचे लोक, विशेषतः डरबनच्या चॅट्सवर्थ आणि फिनिक्स या वसाहतींतील मतदार, हा त्याचा मुख्य आधार. निवडणूक चिन्ह वाघ.

पार्श्वभूमी : उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध भारतीय मजुरांची पहिली तुकडी १८६० मध्ये नाताळात उतरली. पुढे वर्णभेदी राजवटीने १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याखाली भारतीयांची जुनी वस्ती मोडून त्यांना वेगळ्या वसाहतींत हलवले. चॅट्सवर्थ ही त्यांतलीच एक. १९८४ मध्ये गोरे, मिश्रवंशीय आणि भारतीय यांच्यासाठी तीन स्वतंत्र सभागृहांची संसद अस्तित्वात आली. बहुसंख्य कृष्णवर्णीयांना तीत स्थान नव्हते. युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट आणि नाताळ इंडियन काँग्रेस या वर्णभेदविरोधी संघटनांनी तिच्यावर बहिष्कार पुकारला व बहुतेक भारतीय मतदार मतदानाला गेले नाहीत. राजबन्सी यांच्या नॅशनल पीपल्स पार्टीने मात्र निवडणूक लढवली आणि ते भारतीयांच्या सभागृहातील मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले. या सहभागाबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. दशकाच्या अखेरीस जेम्स चौकशी आयोगाने त्यांच्या कारभारावर ठपका ठेवला. त्यांचे पदही गेले.

निवडणुकांतील वाटचाल : १९९४ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाला प्रांतिक विधिमंडळात एक जागा मिळाली. १९९९ मध्ये प्रांतात दोन आणि ४०० सदस्यांच्या राष्ट्रीय सभेत एक जागा आली. त्या वर्षी सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला २६६ जागा मिळाल्या होत्या. घटनादुरुस्तीसाठी लागणाऱ्या दोन-तृतीयांश बहुमताला एकच जागा कमी पडत होती. मायनॉरिटी फ्रंटशी झालेल्या समझोत्याने ती भरून निघाली. २००४ मध्ये राष्ट्रीय सभेत दोन जागा मिळाल्या, हा पक्षाचा उच्चांक. प्रांतात तेव्हा आफ्रिकन नॅशनल काँग्रेसकडे ८० पैकी ३८ जागा होत्या. फ्रंटच्या दोन सदस्यांना त्यामुळे महत्त्व आले आणि राजबन्सी प्रांतिक मंत्रिमंडळात क्रीडामंत्री झाले. २००९ मध्ये राष्ट्रीय सभेत एकच जागा उरली.

भूमिका : सकारात्मक कृतीच्या धोरणात नोकऱ्या, प्रवेश व कंत्राटे देताना भारतीयांना डावलले जाऊ नये, अल्पसंख्याकांची भाषा-संस्कृती जपली जावी, वसाहतींतील घरे आणि नागरी सोयी सुधाराव्यात, हे पक्षाचे मुख्य आग्रह.

ऱ्हास : २९ डिसेंबर २०११ रोजी राजबन्सी यांचे निधन झाले. नेतृत्व त्यांच्या पत्नी शमीन ठाकूर-राजबन्सी यांच्याकडे आले, पण पक्ष अंतर्गत भांडणांनी पोखरला गेला. मतदारांचा मोठा भाग डेमोक्रॅटिक अलायन्सकडे वळला. २०१४ मध्ये राष्ट्रीय सभेतील जागा गेली. प्रांतात उरलेली एकमेव जागा २०१९ मध्ये टिकली आणि २०२४ मध्ये तीही गेली.

मूल्यमापन : दक्षिण आफ्रिकेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत आहे व किमान मतांची अट नाही. सुमारे पाव टक्का मतांनाही राष्ट्रीय सभेत एक जागा मिळू शकते. देशाच्या लोकसंख्येत तीन टक्क्यांहून कमी असलेल्या समाजातील एका गटाला या तरतुदीमुळे पंधरा वर्षे राष्ट्रीय सभेत स्वतःच्या नावाने बोलता आले. लहान समूहांना असे दार उघडे ठेवणे हे त्या लोकशाहीचे मोठेपण आहे. मात्र दार उघडे असले, तरी आत टिकून राहण्यासाठी संघटना लागते. मायनॉरिटी फ्रंट एका नेत्याच्या लोकप्रियतेवर उभा राहिला, दुसरी फळी घडली नाही, आणि नेत्यामागे त्याचे मतदारही पक्षाला टिकवता आले नाहीत.