हवाई अंतर (पुणे–हैदराबाद)

हवाई अंतर : दोन विमानतळांच्या संदर्भबिंदूंमधील, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. हे दोन बिंदू आणि पृथ्वीचे केंद्र यांतून जाणाऱ्या प्रतलामुळे पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते ते बृहद्वृत्त. त्याच्या लहान कंसाची लांबी म्हणजे हवाई अंतर.

दौंड तालुक्यातील कुरकुंभ हे फिरंगाई देवीचे आणि रासायनिक कारखान्यांच्या एमआयडीसीचे गाव. पुणे–सोलापूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ येथून जातो. पुण्याचे लोहगाव आणि हैदराबादचे शमशाबाद या विमानतळांना जोडणारा कंसही, लोहगावपासून सुमारे ६५ किमीवर, याच परिसरावरून जातो. पुढे दोघांची फारकत होते. महामार्ग सोलापूर गाठतो, तर कंस सोलापूरच्या बराच उत्तरेने, तुळजापूरजवळून निघतो.

या कंसाची लांबी शालेय गणितानेही काढता येते. लोहगाव १८.५८ अंश उत्तर, ७३.९२ अंश पूर्व, शमशाबाद १७.२४ अंश उत्तर, ७८.४३ अंश पूर्व. अक्षांशांतील फरक १.३४ अंश. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११.२ किमीचा, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर १४९ किमी. रेखांशांतील फरक ४.५१ अंश, पण रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत जातात, त्यामुळे १११.२ ला मधल्या अक्षांशाच्या कोज्येने गुणावे लागते. येथे तो अंश १०५.८ किमीचा भरतो आणि पूर्व-पश्चिम अंतर ४७७ किमी येते. पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण ५०० किमी, म्हणजेच २७० सागरी मैल. वैमानिक सागरी मैलच (१.८५२ किमी) वापरतात, कारण अक्षांशाची एक कला (अंशाचा साठावा भाग) जवळजवळ तेवढीच असते.

लांबच्या प्रवासाला ही रीत अजिबात चालत नाही. मुंबई–न्यूयॉर्कसाठी तिचे उत्तर सुमारे १४,३०० किमी येते; खरा कंस सुमारे १२,५०० किमीचा आहे. तेथे गोलीय त्रिकोणमितीच हवी.

पृथ्वी पूर्ण गोलही नाही. विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवीय ६,३५७ किमी. तिचा आकार ठरवण्यासाठी लागलेल्या कष्टांत महाराष्ट्राच्या भूमीचाही वाटा आहे, याची आठवण ठेवायला हवी. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाट येथे, मोजणीचे काम चालू असतानाच वारले. त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नावाचा लंबगोलाभ भारतीय नकाशांना दीर्घकाळ आधार होता. विमानवाहतुकीत आता डब्ल्यूजीएस ८४ हे प्रमाण वापरतात.

विमान मात्र या कंसाला तंतोतंत चिकटून उडत नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ असून धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेकडे उड्डाण केल्यास हैदराबादसाठी वळसा घ्यावा लागतो. ठरलेले हवाई मार्ग, निर्बंधित क्षेत्रे, पावसाळी ढग आणि उतरण्यापूर्वीची रांग यांमुळे प्रत्यक्ष उड्डाण ५०० किमीहून जास्तच भरते.