बेगम बाजारची पुडी आणि डोक्यावरचे ऊन

श्रावण सरत आला की आमची बेगम बाजारची फेरी ठरलेली. कापूर, अष्टगंध, चंदनाचे खोड, पंचखाद्याचे जिन्नस, सुके खोबरे, जुन्या समईच्या जागी नवी समई असे सगळे एका फेरीत होते. गाडी लांब लावायची आणि हमालांच्या हातगाड्यांना वाट देत आत शिरायचे. यंदा जडीबुटीच्या दुकानात यादी पुढे केली तशी दुकानदाराने आम्हाला ओळखले आणि हसून विचारले, "साब, वो क्रीम का सामान भी देऊँ?" आम्ही दोन्ही हात जोडले आणि म्हटले, "नक्को भाई." त्या 'नक्को'मागची हकिकत आणि तिच्या निमित्ताने हाती लागलेला थोडा इतिहास यंदाच्या स्मरणिकेत वाचकांपुढे ठेवतो.

दोन वर्षांपूर्वीचा वैशाख. आम्ही राज्य सरकारच्या बांधकामाच्या कामावर असतो, त्यामुळे मोजमापासाठी उन्हात उभे राहणे नोकरीबरोबरच आले. तोंडावर वांग आणि मनगटाला घड्याळाचा पांढरा पट्टा, ही आमच्या सेवेची निशाणी. आमच्या थोरलीला हे बघवेना. तिने कुठूनशी घरगुती सनस्क्रीनची कृती आणली. खोबरेल, कोरफडीचा गर, झिंक ऑक्साइडची पूड आणि वर लिंबाचा रस. "बाबा, सगळे नैसर्गिक आहे," असे म्हणून तिने बेगम बाजारातून सामान आणले, वाटीत घोटले आणि प्रेमाने आमच्या हातांना आणि मानेला चोपडले. आम्ही अकरा ते दोन निर्धास्त उभे राहिलो. त्या रात्री हात नुसते चुरचुरले. दुसऱ्या दिवशी फोड आले. फोड गेले, पण जिथून लेप ओघळला होता तिथे काळपट रेघा राहिल्या, त्या थेट दिवाळीपर्यंत. पोरीला अपराधी वाटू लागले आणि तिची समजूत घालणे हेच आम्हाला फोडांपेक्षा जड गेले.

त्वचेच्या डॉक्टरांनी रेघा पाहिल्या आणि एकच प्रश्न विचारला, "यात लिंबू होते का?" लिंबाच्या सालीत आणि रसात असे काही घटक असतात की ते कातडीवर असताना ऊन लागले, तर कातडी एरवीपेक्षा कितीतरी जास्त भाजते. म्हणजे आम्ही ऊन अडवायला लेप लावला आणि त्याच लेपाने उन्हाला आत घेतले. आम्ही तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेतलेले, वैद्यकाशी किंवा इतिहासाशी आमचा संबंध वाचनापुरता. पण मनात प्रश्न राहिला. आपले वाडवडील याच दख्खनच्या उन्हात राबले, मग ते काय करत होते?

पहिला शोध चरकसंहितेत लागला. सूत्रस्थानात ग्रीष्म ऋतूत कसे वागावे हे सांगितले आहे. त्यात अंगाला चंदनाची उटी लावावी असे आहे, पण तो माणूस उन्हात काम करणारा नाही. दिवसा थंड घरात आणि रात्री चांदण्यातल्या गच्चीवर झोपणारा तो माणूस आहे. उन्हात जाणाऱ्यासाठी चरकाने वेगळी सोय सांगितली आहे, ती म्हणजे छत्री. ऊन, वारा, धूळ आणि पाऊस या सगळ्यांपासून छत्री रक्षण करते, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे.

दुसरा शोध अधिक जवळचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण, पुढे शेकडो वर्षांनी निजामाच्या राज्यात आलेले. जुन्या मराठीच्या खुणा या ग्रंथात सापडतात, म्हणून मराठीच्या अभ्यासकांना त्याचे अप्रूप. त्यात राजाचे वीस उपभोग वर्णिले आहेत. स्नान एक, विलेपन म्हणजे अंगाला लावायचे लेप हा दुसरा, वस्त्र हा वेगळा आणि छत्र हा आणखी वेगळा. आम्ही ही यादी वाचली आणि थांबलो. लेप आणि छत्र यांची खाती त्या राजाने वेगळी ठेवली होती. लेपाने थंडावा मिळतो, सुगंध येतो, मन प्रसन्न होते. ऊन अडवायचे काम छत्राचे आणि वस्त्राचे. आपण नऊशे वर्षांनी ही दोन खाती एकत्र केली आणि जमाखर्च चुकला.

आता बेगम बाजाराकडे येऊ. दुसरे निजाम, निजाम अली खान यांची कारकीर्द 1762 ते 1803. त्यांच्याच काळात राजधानी औरंगाबादेहून हैदराबादला आली. त्यांच्या पत्नी हमदा बेगम यांनी मुसीच्या उत्तर काठावरची ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि त्यावरून बेगम बाजार हे नाव पडले, असे सांगतात. देशभरचा माल इथे उतरू लागला. मुलतानी माती, चंदन, वाळा, गुलाबकळी, नागरमोथा, आंबेहळद, कचोरा. आपल्या उटण्याचे सगळे जिन्नस आजही इथल्या पोत्यांत आणि बरण्यांत दिसतात. जुन्या मराठीत अशा दुकानदाराला 'गांधी' म्हणत, हैदराबादेत 'अत्तार' म्हणतात.

याच दुकानात आम्हाला आमच्या फोडांचे उत्तरही मिळाले. एका बरणीवर लिहिले होते 'बावची'. बावचीचे बी आयुर्वेदात कोडावर वापरतात. ते लावायचे आणि अंग उन्हाला द्यायचे, म्हणजे पांढऱ्या डागावर रंग परत येण्यास मदत होते, अशी ती जुनी रीत. या बियांत सोरालेन नावाचे द्रव्य असते आणि ते कातडीला उन्हाच्या बाबतीत हळवी करते. नाईलकाठच्या एका रानटी वनस्पतीत याच जातीची द्रव्ये असतात. इजिप्तचे डॉक्टर अल मोफ्ती यांनी 1940 नंतरच्या दशकात त्यांवर काम केले आणि कोडाच्या आधुनिक उपचाराला वाट मिळाली. लिंबातले ते खोडकर घटक याच कुळातले. म्हणजे काही वनस्पती उन्हाशी संगनमत करतात, हे आपल्या वैद्यांना ठाऊक होते. त्यांनी बावची वैद्याच्या हाती ठेवली, ती कोणाला सहज चोपडायला दिली नाही. 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हे समीकरण आपल्या परंपरेचे नाही, ते अलीकडचे आहे.

उन्हातले नेमके काय भाजते हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. 1801 साली, इथे निजाम अली खान गादीवर असताना, जर्मनीत येना गावी योहान रिटर यांना आढळले की सूर्यप्रकाशाच्या जांभळ्या टोकाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे चांदीचे क्षार लावलेला कागद सर्वांत लवकर काळा पडतो. हेच अतिनील किरण. आपल्याला जाणवतो तो उन्हाचा चटका, हे किरण जाणवत नाहीत. म्हणून ढगाळ, गार वाऱ्याच्या दिवशीही कातडी करपू शकते.

पुढे 1806 मध्ये सिकंदराबादची छावणी वसली. गोऱ्या साहेबांनी उन्हाचा धसकाच घेतला होता. ज्या भेंडाची आपण बाशिंगे करतो, त्याच भेंडाची सोला हॅट ते डोक्यावर घालत. काही जण तर पाठीच्या कण्याला ऊन बाधते या समजुतीने पाठीवर जाड कापडाची गादी बांधत. गादी व्यर्थ होती, पण टोपीची रुंद कड खरोखर उपयोगी होती. इकडे आपल्याकडे पागोटे होते, पदर होता, उपरणे होते. तेलंगणातले धनगर आजही खांद्यावर 'गोंगडी' टाकून ऊन-पाऊस झेलतात, ती आपलीच घोंगडी. शेतात खुरपणाऱ्या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट चढवतात, मराठवाड्यातही आणि इथेही. आम्ही वर्षानुवर्षे साइटवर हे बघत होतो आणि गंमत वाटून घेत होतो. उन्हाचे शास्त्र त्या बायांना आमच्यापेक्षा जास्त कळले होते.

बाटलीतली सनस्क्रीन ही तशी नवी वस्तू. फ्रान्समध्ये 1936 मध्ये उन्हासाठीचे एक तेल बाजारात आले. ऑस्ट्रियाचे रसायनतज्ज्ञ फ्रान्झ ग्रायटर 1938 मध्ये आल्प्समधल्या पिझ बुइन शिखरावर चढताना भाजून निघाले आणि 1946 मध्ये त्यांनी आपले मलम विकायला काढले. एसपीएफ हा आकडा रूढ करण्यातही त्यांचाच मोठा हात. एसपीएफ 30 म्हणजे कातडी लाल करणारे सुमारे 97 टक्के किरण अडतात, पण एका अटीवर. दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका जाड थर हवा. आपण त्याच्या निम्माही लावत नाही.

मग घरगुती तेलांचे काय? रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेलांची मोजणी झाली. खोबरेलाचा आकडा सातच्या आसपास आला, तिळाच्या तेलाचा दोनहूनही कमी. पण ही मोजणी प्रयोगशाळेत, तेल द्रावणात मिसळून यंत्रावर केलेली आहे, माणसाच्या घामेजल्या हातावर नव्हे. त्यावर विसंबून वैशाखात उभे राहणे म्हणजे नकाशा पाहून पूल ओलांडण्यासारखे आहे.

झिंक ऑक्साइड अतिनील किरण खरोखर अडवते. पण ते सगळीकडे सारखे पसरले तरच. कारखान्यात ते खास यंत्राने घोटतात आणि मग चाचणी होते. घरच्या वाटीत त्याच्या गुठळ्या होतात. आमच्या धंद्यात सांगायचे तर काँक्रीट नीट कालवले नाही की आत पोकळ्या राहतात आणि पाणी तिथूनच झिरपते. लेपाच्या पोकळीतून ऊन झिरपते. शिवाय बाजारात मिळणारी पूड रबराच्या आणि रंगाच्या कारखान्यांसाठीही असते. ती अंगाला लावण्याइतकी शुद्ध असेलच असे नाही, आणि उडालेली पूड नाकात जाणेही बरे नाही.

म्हणजे बेगम बाजारची पुडी टाकून द्यायची का? मुळीच नाही. तिचे काम संध्याकाळचे. आमच्या आईची रीत अशी होती. मुलतानी माती दोन चमचे, सहाणेवर उगाळलेले चंदन अर्धा चमचा आणि कालवायला गुलाबपाणी. उन्हातून आल्यावर तोंड धुऊन पातळ थर द्यायचा आणि माती कडक होऊन ओढण्याआधीच धुऊन टाकायची. कातडी कोरडी असेल तर गुलाबपाण्याऐवजी दूध. कोरफडीचे पान कापले की आधी त्यातला पिवळा चीक निथळू द्यायचा, मगच पारदर्शक गर लावायचा. थंडावा मिळतो, मळ निघतो. भाजलेल्या किंवा फोड आलेल्या कातडीला मात्र माती लावू नये, आणि उन्हात जाण्याआधी लिंबू तर नाहीच नाही.

दिवसासाठी आम्ही आता सोपा नियम पाळतो. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हा ऊन कडक समजायचे. हैदराबादेत 9 मे आणि 3 ऑगस्टच्या सुमारास दुपारी बाराच्या पुढे काही मिनिटे सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. म्हणजे गणपतीच्या आधी जेमतेम महिनाभर! मोजमाप आम्ही शक्यतो सकाळी नऊच्या आत उरकतो. पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा शर्ट, रुंद काठाची टोपी, काळी छत्री आणि उघड्या राहिलेल्या चेहऱ्याला व हातांना चाचणी झालेली सनस्क्रीन, दर दोन तासांनी पुन्हा. साइटवरच्या मजुरांसाठी ताडपत्रीची सावली घालून घ्यायला शिकलो. तो शेड आधी अंदाजपत्रकात नसे. एका बाईने आम्हाला विचारले होते, "साब, तुमच्या हाताला काय झालं?" तिला खरे सांगताना लाज वाटली. ती रोज त्याच उन्हात उभी होती आणि तिच्यासाठी आम्ही कधी काही केले नव्हते.

आणखी एक सांगायचे राहिले. थोरलीने तो लेप केवळ आमच्यासाठी केला नव्हता. एका लग्नात कोणीतरी तिला "किती काळी पडलीस गं" म्हटले होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. उन्हापासून जपायचे ते कातडीचे आरोग्य राखण्यासाठी. गोरेपणासाठी जपणे हा वेगळाच रोग आहे, आणि त्यावर बेगम बाजारात पुडी मिळत नाही. आपल्या सावळ्या रंगात मुळातच थोडे संरक्षण असते. पुरेसे नसते, पण असते. ते लाजण्यासारखे नक्कीच नाही.

यंदा अनंत चतुर्दशीला बाळापूरपासून निघालेली मिरवणूक चारमिनार, अफजलगंज, मोजमजाही मार्केटवरून हुसेनसागराकडे जाईल. आभाळात ढग असतील, वारा असेल, ऊन जाणवणारही नाही. आपली पोरे सकाळपासून ढोल-ताशे घेऊन रस्त्यावर असतील. मंडळाच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की पाण्याच्या ड्रमाशेजारी यंदा टोप्यांचाही ढीग ठेवा आणि लेझीम खेळणाऱ्यांना पूर्ण बाह्यांचे सदरे द्या. गुलालाने रंगलेली तोंडे रात्री धुऊन झाली की मग आईची ती चंदन-मातीची वाटी काढा. आमच्या घरी ती तयार असेल. कालवायला थोरलीच बसणार आहे आणि लिंबू त्या दिवशी फक्त सरबतात पडेल.

गणपती बाप्पा मोरया!