लोड आला की दुखतं!

या वीकेंडला अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये एक चक्कर मारून येऊ.

१७६८ साली विल्यम हेबर्डन या डॉक्टरांनी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये एक निबंध वाचला. त्यांच्याकडे वीसेक पेशंट असे आले होते, की चालताना, त्यातही चढावर किंवा जेवणानंतर, छातीत आवळून यायचं. थांबलं की दुखणं गायब! म्हणजे आमच्या भाषेत, लोड आला की सिस्टिम कुरकुरते, लोड गेला की सगळं आलबेल. तेव्हा ईसीजी सोडाच, स्टेथोस्कोपसुद्धा नव्हता. पेशंटचं नीट ऐकून घेऊन हेबर्डननी ही खूण पकडली आणि तिला नाव दिलं, अंजायना पेक्टोरिस. १७७२ मध्ये निबंध छापून आला.

तो वाचून एका माणसानं हेबर्डनना निनावी पत्र पाठवलं. मला अगदी हेच होतं, अचानक गेलो तर माझं शरीर उघडून बघा, अशा अर्थाचं. थोड्याच दिवसांत तो खरंच गेला. शवविच्छेदन केलं जॉन हंटरनी. हा त्या काळचा शल्यविद्येतला बाप माणूस! पण मृत्यूचं कारण काही हाती लागलं नाही.

पुढे गंमत बघा (गंमत कसली म्हणा), खुद्द हंटरनाच छातीत कळा येऊ लागल्या. त्यांचा शिष्य एडवर्ड जेन्नर, तोच तो देवीच्या लसीवाला. अशाच एका मृताचं हृदय कापताना त्याच्या सुरीला काहीतरी टणक, खरखरीत लागलं. त्याला वाटलं, छताचा गिलावा पडला की काय! बघतो तर हृदयाला रक्त पुरवणारी रक्तवाहिनीच कडक झालेली. १७७८ मध्ये त्यानं हेबर्डनना उद्देशून पत्र लिहिलं, की हंटरना हाच आजार आहे. पण हे जाहीर केलं तर गुरूंच्या कानावर जाणार, म्हणून तो गप्प राहिला.

१६ ऑक्टोबर १७९३. सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या मीटिंगमध्ये वाद झाला आणि हंटर तिथेच कोसळून गेले. आत तपासलं तेव्हा त्याच रक्तवाहिन्या कडक झालेल्या सापडल्या. जेन्नरचा अंदाज छापून आला तो १७९९ मध्ये.

जेन्नर गप्प बसला ते मी समजू शकतो. सांगून उपयोग काय होता? इलाजच नव्हता. आज तपासण्या आहेत, गोळ्या आहेत, अँजिओप्लास्टी आहे. तरी आपण काय म्हणतो? "अरे, ॲसिडिटी असेल!"

तेव्हा जिना चढताना छाती, जबडा किंवा हात भरून येत असेल आणि थांबल्यावर बरं वाटत असेल, तर लगेच डॉक्टर गाठा. बसल्या जागी दुखायला लागलं, थांबेना, दरदरून घाम फुटला, तर सरळ १०८ फिरवा. बायकांमध्ये आणि डायबिटीस असलेल्यांमध्ये कधी कधी नुसता दम लागतो किंवा मळमळतं, छातीत दुखतच नाही. घरच्यांनाही हे सांगून ठेवा. गप्प राहायचं कारण आता उरलेलं नाही.